मानमोडीच्या वर्षाची वही



मागच्या दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढली. आत जुनी पितळी भांडी, एक फाटकी पूजेची पोथी आणि तळाशी लाल कापडात बांधलेली लांबट वही निघाली. आमच्या आजेसासऱ्यांच्या दुकानाची रोजकीर्द. पैठणकडच्या गावात त्यांचे किराणा आणि कापडाचे दुकान होते. वही शके १८४० ची, म्हणजे इसवी सन १९१८ ची. अक्षर मोडी आहे, मला एक शब्द वाचता येत नाही. पण आकडे वाचता येतात. लग्नाआधी बी.कॉम. केले होते, त्याचा उपयोग चाळीस वर्षे दूधवाल्याचा हिशेब तपासण्यापलीकडे फारसा झाला नाही, तो इथे झाला.

पाने उलटताना आश्विन महिन्यात हात थांबला. एका पानाच्या अर्ध्यापर्यंत एक ठसठशीत, सरावलेले अक्षर. मग काही ओळी कोऱ्या. आणि त्याखाली दुसरेच अक्षर, बारीक, थोडे डावीकडे झुकलेले. पुढे वहीच्या शेवटापर्यंत तेच. न वाचताही कळले की लिहिणारा बदलला. आमच्या ह्यांना विचारले, तेव्हा म्हणाले, "त्या वर्षी मानमोडीत पणजोबा गेले ना. आजोबा चोवीस वर्षांचे होते तेव्हा."

मानमोडी हा शब्द मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला होता. मान मोडून टाकणारा ताप. पुस्तकात ज्याला स्पॅनिश फ्लू म्हणतात, तोच हा. मुंबईत १९१८ च्या जूनमध्ये गोदीवर पहाऱ्याला असलेले पोलीस शिपाई तापाने आजारी पडले आणि तिथून सुरुवात झाली. पहिली लाट लोकांनी हसण्यावारी नेली. दुसरी सप्टेंबरात आली, ती मात्र जीव घेणारी. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी मुंबईत ७६८ माणसे गेली. घटस्थापनेचे दिवस होते ते. रेल्वेने, पहिल्या महायुद्धावरून परतणाऱ्या माणसांबरोबर आणि बाजारहाटातून तो ताप खेडोपाडी पोचला. त्यात त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता, धान्य महाग, अंगात ताकद नाही. देशात किती माणसे गेली याचे अंदाज सव्वा कोटीपासून पावणेदोन कोटींपर्यंत आहेत. आपला भाग तेव्हा निजामाच्या राज्यात होता. हैदराबाद संस्थानाची लोकसंख्या १९११ च्या जनगणनेत सुमारे १ कोटी ३३ लाख होती, ती १९२१ मध्ये १ कोटी २४ लाखांवर आली. वाढायची ती घटली. ताळेबंदात एवढी तूट दिसली तर आम्ही कॉमर्सवाले आधी बेरीज पुन्हा करून बघतो. इथे बेरीज बरोबर आहे.

मला त्या आकड्यांपेक्षा एका गोष्टीचा विचार सतावत होता. ही माणसे मनाने कशी तगली असतील? दवाखाना नाही, फोन नाही, समजावणारे कोणी नाही. आणि घरात एकामागून एक अंथरुणे.

शोधता शोधता मी आणखी बावीस वर्षे मागे गेले. कारण मानमोडी आली तेव्हा आपल्या लोकांना साथीची भीती नवी नव्हतीच. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी गाठीचा ताप ओळखला आणि प्लेगचे पर्व सुरू झाले. घरात उंदीर पडला की माणसांचा जीव खाली-वर व्हायचा. "उंदीर पडला" हा नुसता शब्दप्रयोग नव्हता, घर सोडण्याची वर्दी होती. मुंबईतून काही महिन्यांत सुमारे ३ लाख ८० हजार माणसे पळाली, म्हणजे जवळजवळ अर्धे शहर. पळणे हा भीतीवरचा सगळ्यात जुना उपाय. ज्यांना पळता आले नाही त्यांच्यात अफवा पसरल्या. इस्पितळात नेलेल्या माणसाच्या अंगातून मोमियाई काढतात, म्हणजे औषधासाठी त्याचा अर्क काढतात, असे लोक शपथेवर सांगत. २९ ऑक्टोबर १८९६ ला गिरणी कामगारांचा जमाव आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेला. आज आपण हसतो. पण २०२० मध्ये आपल्याच मोबाइलवर "किडनी काढून घेतात" असे संदेश येत होते आणि पुढे पाठवणाऱ्यांत शिकल्या-सवरलेल्या बायका होत्या. मीही एक पाठवला होता. नाकारत नाही.

पुण्याचे तर सगळ्यांना ठाऊक आहे. रँडसाहेबाची प्लेग कमिटी, १३ मार्च १८९७ पासून सोल्जरांनी घराघरांत शिरून केलेली झडती, सामान रस्त्यावर, देवघरापर्यंत बूट, बायकांची तपासणी परक्या पुरुषांसमोर. लोक आजाऱ्याला माळ्यावर, कोठीत लपवू लागले. आजारापेक्षा नेणाऱ्यांची भीती मोठी झाली. पंडिता रमाबाईंनी तिथल्या इस्पितळात बायकांचे काय होते यावर वर्तमानपत्रात लिहिले, म्हणून ते निदान नोंदले तरी गेले. २२ जूनच्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली, हे शाळेत आपण शिकलो. शाळेत हे शिकवले नाही की त्याच काळात घरात बसलेल्या बाईच्या मनावर काय ओझे होते. नवरा तापला आहे, दाराशी सोल्जर आहे, सांगावे तर नेतील, न सांगावे तर लेकरांना लागेल.

आणि त्या झडत्या सुरू व्हायच्या अवघे तीन दिवस आधी, १० मार्च १८९७ ला, सावित्रीबाई फुले गेल्या. त्यांचा डॉक्टर मुलगा यशवंत याने पुण्याबाहेर, हडपसरकडे प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना थाटला होता. मुंढव्याच्या एका मुलाला प्लेग झाल्याचे कळताच सावित्रीबाई त्याला स्वतः उचलून तिथे घेऊन आल्या. मूल वाचले, त्या गेल्या. वय साठीच्या पुढे, म्हणजे माझ्याएवढे. मी त्या वयात २०२० साली दुधाच्या पिशव्या साबणाने धूत होते.

भीती उतरवायची लोकांची आणखी एक रीत होती. गाव उठायचे. माळावर, मळ्यात झोपड्या बांधून महिना-दोन महिने राहायचे. धोंडो केशव कर्व्यांचा विधवाश्रम पुण्याहून हिंगण्याच्या झोपडीत गेला तो १९०० साली, प्लेगमुळेच. खेड्यात मरीआईचा गाडा शिवेबाहेर नेऊन सोडायचे. आपण जैन बायका अशा गोष्टींना मिथ्यात्व म्हणून बाजूला सारतो आणि ते ठीकच आहे. पण त्यामागचे मन मला आता कळते. ज्याला तोंड नाही अशा संकटाला काहीतरी आकार द्यायचा, सगळ्यांनी मिळून ओढायचे आणि "गेले एकदाचे" म्हणून घरी यायचे. ओढताना चार माणसे शेजारी असतात, हा त्यातला खरा आधार.

आपल्या घरांतली अडचण वेगळीच. माझी आजी सांगायची की त्यांच्या घरी उंदीर पिंजऱ्यात पकडून दूर शेतात सोडून देत. जीवदया म्हणून. प्लेग उंदराच्या पिसवांतून पसरतो हे सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये कराचीत दाखवले, पण ते घराघरांत पोचायला कितीतरी वर्षे गेली. चांगल्या मनाने सोडलेला उंदीर दुसऱ्याच्या शेतघरात काय घेऊन गेला असेल, हा विचार मनात आला की मी अजून अडखळते. उत्तर माझ्याजवळ नाही.

लस आली तीही भीतीतूनच वाट काढत. हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार करून १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतली. तरी लोक पुढे येईनात. तेव्हा तरुण आगाखानांनी आपल्या अनुयायांसमोर स्वतः टोचून घेतले. एका माणसाने सगळ्यांदेखत बाही वर केली आणि पुष्कळांचा धीर वाढला. २०२१ च्या मार्चमध्ये साठीच्या पुढच्यांना लस सुरू झाली, तेव्हा आमच्या कॉलनीत पहिल्यांदा गेल्या त्या माझ्या सासूबाई, वय ८७. येऊन ओट्यावर बसून सगळ्यांना दंड दाखवत होत्या. त्यांचे बघून सात-आठ बायका गेल्या.

आता त्या दिवसांकडे येते. संभाजीनगर तेव्हा औरंगाबादच होते. मार्चच्या मध्यात शहरात पहिला रुग्ण सापडला. २२ मार्चला थाळ्या वाजवल्या, २५ पासून सगळे बंद. ५ एप्रिलच्या रात्री नऊ वाजता दिवे लावले आणि दुसऱ्याच दिवशी महावीर जयंती. मिरवणूक नाही, पालखी नाही. घरातच पाळणा बांधला आणि सासूबाई, मी, सून अशा तिघींनी पाळणा म्हटला. खरे सांगते, ती जयंती मला आवडली होती. तेव्हा वाटत होते महिनाभराचा प्रश्न आहे.

मग ८ मे उजाडला. जालन्याहून पायी निघालेले सोळा मजूर करमाडजवळ रुळावर झोपले होते, पहाटे मालगाडी गेली. आपल्या शहरापासून किती लांब? कचनेरला पायी जाताना आपण याहून जास्त चालतो. रुळावर पडलेल्या पोळ्यांचे चित्र टीव्हीवर दाखवत होते. त्या दिवशी मला पहिल्यांदा छातीत धडधड सुरू झाली. पोळ्या लाटताना हात थरथरायचा. कोणाला सांगितले नाही. काय सांगणार? घरात सगळे सुखरूप, डबा भरलेला, आणि ही बाई पोळ्या बघून रडते.

जुलैत १० ते १८ तारखेपर्यंत शहरात नऊ दिवस कडक संचारबंदी होती. गल्लीच्या तोंडाशी पत्रे ठोकलेले. आमच्याकडे पंधरा वर्षे काम करणाऱ्या मावशींची वस्ती बंद झाली होती. त्या एकदा पत्र्यापलीकडून हाक मारत होत्या. मी पगाराचे पाकीट काठीला बांधून पलीकडे दिले. काठीला. त्यांनी हसून घेतले. १८९७ च्या लोकांना नावे ठेवायचा अधिकार मी त्या दिवशी गमावला.

दशलक्षण पर्वात मंदिरे बंदच होती. मुंबईच्या तीन श्वेतांबर मंदिरांना पर्युषणाच्या शेवटच्या दोन दिवसांसाठी सर्वोच्च न्यायालयाने २१ ऑगस्ट २०२० ला परवानगी दिली, एका वेळी पाचच माणसे अशा अटीवर. आमच्या घरी यावरून वाद झाला. ह्यांना आनंद झाला, मला नाही. सगळ्यांची दारे बंद असताना आपले दार आधी उघडावे यात मला थोडा संकोच वाटला. सासूबाई मध्ये पडल्या आणि म्हणाल्या, "मंदिर बंद आहे, सामायिक बंद आहे का?" अठ्ठेचाळीस मिनिटे एका जागी बसायचे, बाकी काही नाही. त्या वर्षी मला सामायिकाने टेकू दिला हे खरे. त्यात पुण्य किती ते मला मोजता येत नाही, पण दिवसातली ती अठ्ठेचाळीस मिनिटे मी बातम्या बघत नव्हते. पाडव्याला, १६ नोव्हेंबरला, मंदिरे उघडली तेव्हा उंबऱ्यावर डोके टेकून रडलेल्या बायकांत मीही होते.

दुसऱ्या लाटेने आमचे घर गाठले. २०२१ चा एप्रिल. आधी मुलगा, मग सासूबाई. मुलगा घरीच बरा झाला. सासूबाईंचा ऑक्सिजन उतरू लागला, तेव्हा दोन दिवस फिरून एका ठिकाणी खाट मिळाली. आत कोणाला सोडत नव्हते. मी त्यांच्या पिशवीत दोन पातळे, जपमाळ आणि णमोकार मंत्र म्हणणारा तो छोटा डबा दिला. बॅटरी नवीन घालून दिली. चिठ्ठी लावली की उशाशी सुरू करून ठेवावा. आपल्याकडे शेवटच्या श्वासाला कानावर णमोकार पडावा यासाठी माणूस आयुष्यभर तयारी करतो. सासूबाई तर दर चतुर्दशीला समाधिमरणाचा पाठ करायच्या. नऊ दिवसांनी, महावीर जयंतीच्या आदल्या रात्री, फोन आला. चेहरा दिसला तो दुरून, पारदर्शक पिशवीतून.

दोन दिवसांनी सामान परत मिळाले. डबा चिठ्ठीसकट तसाच होता. बॅटरीवरची प्लास्टिकची पट्टीसुद्धा ओढलेली नव्हती.

मी त्या माणसांना दोष देत नाही. एकेक सिस्टर चाळीस जणांना बघत होती, हे मला तेव्हाही कळत होते. पण कळणे वेगळे आणि रात्री तीनला जागे होणे वेगळे. वर्षभर मी तीनला उठायचे, आधी ह्यांच्या आणि मग नातवाच्या बोटाला ऑक्सिमीटर लावायचे. बारा भावना पाठ होत्या. अनित्य भावना म्हणता म्हणता मध्येच त्या पट्टीची आठवण व्हायची. स्वतःवर चिडायचे की एवढे स्वाध्याय केले, एवढे वाचले, आणि साधे स्वीकारता येत नाही.

सुनेने एक दिवस सरळ म्हटले, "आई, डॉक्टरांना दाखवू." मानसोपचाराचा डॉक्टर म्हटल्यावर माझ्याच बहिणीने विचारले, "वेड लागलंय का तुला? धर्मध्यान वाढव." वाढवले होते गं. मी गेले. चार महिने गोळ्या घेतल्या, दर पंधरवड्याला बोलायला जात होते. डॉक्टरीणबाईंनी पहिल्या दिवशी विचारले, "सासूबाईंचे दुःख तुम्ही कोणापाशी केलेत?" मी म्हटले, घरात सगळ्यांचेच दुःख होते, म्हणून कोणापाशीच नाही. तेराव्याला माणसे नाहीत, बसायला येणाऱ्या बायका नाहीत, फोनवर "काळजी घ्या" एवढेच. त्या म्हणाल्या, दुःख करायला माणसे लागतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये सांगितले की साथीच्या पहिल्या वर्षात जगभर चिंता आणि नैराश्य २५ टक्क्यांनी वाढले आणि त्यात बायका आणि तरुण मुले जास्त होती. म्हणजे मी एकटी नव्हते. सरकारची टेलिमानस नावाची फोनसेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे, १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते, पैसे पडत नाहीत. हे मुद्दाम लिहिते, कारण आपल्या मंडळात तीन जणींनी मला हळूच विचारले होते की "तू कुठे जात होतीस ते".

तर, वही. मोडी वाचणारे एक निवृत्त गुरुजी मिळाले. तीन रविवार ते आमच्या बैठकीत बसले आणि मी उतरवून घेतले. आश्विनाच्या सुरुवातीला सुंठ, मिरी, गूळ यांची विक्री एकदम वाढलेली. मग मादरपाट. मादरपाट म्हणजे जाड कोरे कापड, कफनाला तेच लागते. एका दिवशी एक, दुसऱ्या दिवशी तीन, एकदा सात तुकडे. जवळजवळ सगळे उधार. मग ते पान. कोऱ्या ओळींनंतर नव्या अक्षरातली पहिली नोंद गुरुजींनी वाचली: "श्री. तीर्थरूपांस देवाज्ञा." त्याखाली लगेच: "गूळ २ शेर."

सून म्हणाली, किती कोरडे! मला तसे वाटले नाही. चोवीस वर्षांच्या पोराने वडिलांना पोचवून येऊन गूळ मोजला, कारण गूळ मोजणे तेवढेच त्याच्या हातात होते. मीही सासूबाईंच्या तिसऱ्या दिवशी वाणसामानाची यादी केली होती आणि त्याबद्दल स्वतःला कधी माफ केले नव्हते.

पुढच्या वर्षाच्या खतावणीची काही पाने त्याच कापडात होती. मादरपाटाच्या उधारीवर बऱ्याच नावांपुढे "बाद" लिहिले आहे. बुडीत खाते म्हणून काढून टाकलेली उधारी. आमच्या ह्यांना याचा फार अभिमान वाटतो, आजोबा किती मोठ्या मनाचे! असतीलही. पण हिशेब शिकलेली बाई म्हणून सांगते, वसूल करायला त्या घरांत कोणी उरलेच नसेल अशीही शक्यता आहे.

आजेसासूबाई या सगळ्याबद्दल कधी बोलल्या नाहीत म्हणे. त्यांचे पहिले मूल आणि धाकटी नणंद त्याच पंधरवड्यात गेली होती, हे सासूबाईंना बाहेरून कळले. एवढेच होते की त्या घरात लहान मुलाला पांढरी चादर पांघरू देत नसत. कोणी घातली तर न बोलता येऊन काढून घेत आणि रंगीत घालत. सासूबाई हेच करत. मीही माझ्या नातवाला कारण न कळता रंगीत चादर घालत आले. शंभर वर्षे ती भीती आमच्या घरात चादरीच्या रंगातून चालत आली.

यंदा दशलक्षणात मी तो डबा काढला, पट्टी ओढली आणि देवघरात लावला. आवाज बारीक आहे, पण चालतो.

कोऱ्या ओळींच्या बाजूला समासात एक ओळ आहे, ओल लागून फिकट झालेली. गुरुजींना "रात्री" एवढेच लागले, पुढचे लागले नाही. फोटो काढून ठेवला आहे. तुमच्यापैकी कोणाच्या घरी मोडी वाचणारे असतील तर कळवा. आणि तुमच्या आजी-पणजीकडून मानमोडीचे काही ऐकले असेल, अर्धवट का असेना, तेही लिहून पाठवा.